हिम्मतरावांच्या कमरेचा जंबिया

मित्रांनो, मी एक जंबिया आहे. जुना, वाकड्या अंगाचा, दोन्हीकडून धार असलेला. चाकू म्हणावं तर भाजी चिरायला मी कामाचा नाही, आणि तलवार म्हणावं तर तेवढी माझी उंची नाही. वीतभर पातं आणि चार बोटं मूठ, एवढाच माझा संसार. एके काळी हैदराबादेत माझे भाऊबंद पुष्कळ होते. रस्त्यानं चालणाऱ्या शिपायांच्या पोटावर ते आडवे खोवलेले दिसत, जसे आता साहेबांच्या खिशाला पेन दिसतात.

माझा जन्म झगड्यासाठी झाला, हे आधीच सांगून टाकतो. घाबरू नका. पुढं ऐका.

शहराच्या दक्षिणेला बारकस म्हणून वस्ती आहे. पिढ्यांमागं अरबस्तानातून फौजेत आलेल्या शिपायांची ही वस्ती. लोक त्यांना चाऊश म्हणतात. तिथं सालेह चाऊश नावाचे एक कारागीर राहत. दाढी मेंदीनं लाल, भुवया आगीनं जळून विरळ, आणि बोटं अशी जाड की सुईत दोरा ओवताना कुणी त्यांना पाहिलं असतं तर हसलं असतं. पण त्याच बोटांनी मला घडवलं. सिकंदराबादच्या छावणीत एक लष्करी लॉरी मोडली होती, तिच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद म्हणजे माझं मूळचं अंग. तीन दिवस मी भाजलो, ठोकला गेलो, वाकलो. चौथ्या दिवशी लालभडक असताना त्यांनी मला तिळाच्या तेलात बुडवलं, तेव्हा मी असा चरचरलो की दारातलं मांजर शेपूट फुगवून पळालं.

पातं झालं. राहिली मूठ.

सालेह चाऊश तयार मूठ कधी बसवत नसत. त्यांचं म्हणणं, पातं कुणाचंही असू शकतं, मूठ मात्र एकाच माणसाची असते. म्हणून ते गिऱ्हाइकाला मेणाचा गोळा देत. मऊ मेण, थोडी राळ मिसळलेलं. गिऱ्हाइकानं तो घरी न्यायचा, निवांत बसून मुठीत दाबायचा आणि बोटांचे ठसे उमटले की आणून द्यायचा. मग म्हशीचं शिंग कानशीनं घासून घासून ते हुबेहूब त्या मेणासारखं करत. गिऱ्हाइकाच्या हाताकडं ते चुकूनही बघत नसत.

"आँख धोका खाती मियाँ," ते म्हणत, "मोम नहीं खाता." डोळा फसतो, मेण फसत नाही. या एका वाक्यावर त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं होतं.

मला घडवून घेणाऱ्याचं नाव हिम्मतराव. नांदेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट उंच, पंजा फावड्याएवढा. शहरातल्या एका नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, तो पहारेकरी होता, आणि त्या साली जमादार झाला होता. देवडीची रीतच होती की जमादार झालेल्या माणसानं स्वतःच्या हाताचा जंबिया करून घ्यायचा. उसना नाही, बापाचा नाही, बाजारातला नाही. हिम्मतराव मेणाचा गोळा रुमालात बांधून, जणू देवीचा प्रसाद न्यावा तसा, नामपल्लीजवळच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण हजारदा ऐकलेलं आहे.

सकाळी त्यानं गोळा मुठीत धरला, दाबला, ठसे उमटवले, कोनाड्यात ठेवला आणि पहाऱ्यावर गेला. संध्याकाळी येऊन पोचता करायचा होता. दिवस वैशाखाचे. दुपारी पत्रा असा तापला की कावळाही त्यावर पाय टेकवेना. घरात त्याची बायको भामा एकटी. तिचं लक्ष कोनाड्याकडं गेलं, तर मेण लोण्यासारखं खाली ओघळत चाललेलं!

"बाई बाई, धन्याची वस्तू वितळली!" असं म्हणत ती धावली. गोळा मुठीत गच्च पकडला आणि कोपरापर्यंत हात रांजणाच्या गार पाण्यात घातला. मेण पुन्हा कडक होईतो ती तशीच उभी राहिली. एक गाणं म्हणून झालं, दुसरं म्हणून झालं. मग गोळा पुसून, उन्हं उतरेतो रांजणाच्या गारव्याला ठेवून, पुन्हा होता तिथं ठेवला, आणि आपण नवऱ्याची वस्तू वाचवली म्हणून मनातून खूष झाली. ठशांचं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, मेण म्हणजे मेण.

हिम्मतरावानं आल्या पावली रुमालात गुंडाळून गोळा बारकसला नेला. त्यानं ठसे निरखून पाहिले नाहीत. सालेह चाऊशांनी त्याच्या पंजाकडं पाहिलं नाही. आणि अशा रीतीनं, मित्रांनो, माझी मूठ ठरली.

मला न्यायला हिम्मतराव आला तो एकटा नव्हता. देवडीवरचे चार-पाच सोबती बरोबर होते, त्यांत उत्तमराव सगळ्यांत पुढं. हा उत्तमराव स्वभावानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. सालेह चाऊशांनी मला दोन्ही हातांनी पुढं केलं. काळ्याभोर शिंगाची मूठ, टोकाला रुप्याचं बोंड, लाल चामड्याचं म्यान. हिम्मतरावानं मला पकडलं.

मला लगेच कळलं. त्याचं मधलं बोट माझ्या खोबणीत मावेना, करंगळी तर पार बाहेर लोंबकळत राहिली. मी त्याच्या हातात असा होतो, जसा मोठ्या माणसाच्या पायात पोराचा जोडा. त्यालाही ते कळलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण समोर म्हातारा कारागीर कौतुकाच्या आशेनं बघत होता आणि मागं सोबती उभे होते.

"वाहवा!" हिम्मतराव म्हणाला, आणि घाईघाईनं मला म्यानात घातलं.

एकदा तोंडातून 'वाहवा' गेली की परत घेता येत नाही.

घरी आल्यावर भामा म्हणाली, "बघू तरी." तिनं हात पदराला पुसला आणि मला उचललं. मित्रांनो, काय सांगू! तळहाताच्या उशीवर माझी पाठ टेकली, चारही बोटं आपापल्या खोबणीत जाऊन बसली, अंगठा वर येऊन थांबला. पाखरू घरट्यात बसावं तसा मी बसलो. भामा आधी हसली. मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिचं हसू मावळलं.

हिम्मतरावानं तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "भामे, तू मेणाला हात लावलीस का?"

"वितळत होतं की वो! रांजणात धरलं म्हणून राहिलं, नाही तर भिंत चिकट झाली असती. का? काय चुकलं?"

"काही नाही," तो म्हणाला. त्यानं तिचा हात सोडला. "फक्त कुणाला सांगू नको. देवडीवर कळलं तर म्हणतील, जमादार बायकोचं हत्यार लावून फिरतो."

"मग चाचांकडून दुसरी मूठ करून घ्या."

"अन् त्यांना काय सांगू? तुमचं मेण फसलं म्हणून? पाच जणांसमोर वाहवा म्हणून आलोय मी."

 भामानं तोंडाला कुलूप घातलं, ते पुढची अकरा वर्षं.

मी हिम्मतरावाच्या कमरेला झळकू लागलो. येणारे-जाणारे मला बघत, बोंडावर बोट फिरवत, "काय कारागिरी आहे!" म्हणत. स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडायची. पण हिम्मतराव मला कधी बाहेर काढायचा नाही. देवडीत लग्नं होत, तेव्हा मर्फ्याचे अरबी ढोल वाजत. त्या तालावर जंबिये काढून, हवेत फिरवून नाचायची शहराची जुनी हौस. सगळे नाचत. माझा मालक बाजूला उभा राहून टाळ्या वाजवायचा.

"या की हिम्मतराव!" उत्तमरावानं एकदा भर मांडवात हाक मारली. "का लग्नात बी उपास धरलाय?"

हिम्मतराव गांगरला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला. "व्रत आहे माझं. जंबिया म्यानातून निघाला तर काम करूनच परत जाईल. उगाच नाचायला निघायचा नाही."

ढोलवालेसुद्धा थांबले. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या दिवसापासून हिम्मतरावाचं नाव झालं. खरा मर्द, विनाकारण हत्यार काढत नाही! पोरं त्याला वाट देऊ लागली. नवाबानं एकदा बोलावून पाठ थोपटली. खोटं असंच असतं बघा. आधी रांगतं, मग चालतं, आणि एक दिवस आपल्यालाच खांद्यावर घेऊन मिरवतं. खाली उतरावं तर उतरू देत नाही.

बाहेर कुठं आरडाओरडा झाला की हिम्मतरावाची धारण पाचावर बसायची. भीती शत्रूची नव्हती. आता मला काढावं लागेल आणि चार लोकांत करंगळी बाहेर लोंबकळेल, याची होती. त्याच्या पोटाची धडधड माझ्या म्यानाला लागायची. इतक्या मोठ्या माणसाच्या पोटात एवढीशी धडधड! मला त्याची कीव यायची.

मग अठ्ठेचाळीस सालचा तो उन्हाळा आला. शहरात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नव्हता. दिवसाढवळ्या दारं बंद. हिम्मतराव पहाऱ्यावर जाताना मला घरीच, भामाच्या उशाशी ठेवून जाऊ लागला, आणि उपरणं पोटावरून ओढून रिकामी कमर झाकू लागला.

एका दुपारी दारावर थाप पडली. भामा जात्यावरून उठली. मला म्यानातून काढलं. दुकान सोडल्यापासून पहिल्यांदाच मी नागवा झालो, आणि पहिल्यांदाच माझ्या मुठीला घाम लागला.

"कोण?"

 पुन्हा थाप, आधीपेक्षा जोरात.

मित्रांनो, ज्यासाठी माझा जन्म झाला होता तो क्षण हाच, असं मला वाटलं. तुम्हाला वाटेल मी आनंदलो असेन. नाही. मी त्या हातात नको तेवढा नीट बसलो होतो. तिची भीती माझ्या पोलादातून आरपार जात होती. माझ्या मनात एकच होतं, नको. या हातानं माझ्यामुळं असलं काही करू नये.

"कोण हाय, बोला!" भामा ओरडली.

"अगं मी सरू! शेजारची! बहिरी झालीस का? विस्तव दे थोडा, माझी चूल विझली."

भामानं कडी काढली. सरुबाई हातात तवलीचं झाकण धरून उभी होती. तिची नजर खाली माझ्यावर गेली आणि डोळे कपाळात गेले.

"अगं बाई! विस्तव मागायला आले, जीव नाही मागितला!"

भामाचा जीव भांड्यात पडला आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. आधी दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, मग पुन्हा हसल्या. त्या संध्याकाळी जात्यावर बसून भामा माझ्यावर ओवी म्हणाली. आजवर माझी जेवढी स्तुती झाली, त्यात मला ही सगळ्यात प्यारी आहे:

माझ्या धन्याचा जंबिया, त्याला रुप्याचं गं बोंड,
कुण्या मायच्या लेकराचं, नको पाहू देऊ तोंड.

माझ्या धन्याचा जंबिया, वाकडा गं जशी कोर,
ऱ्हाऊ दे ना म्यानामंदी, जसं पाळण्यात पोर.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली, राज्य बदललं. हत्यारं जमा करा, असा हुकूम निघाला. देवडीच्या सगळ्या पहारेकऱ्यांचे जंबिये, बिचवे, तलवारी देवडीच्याच हत्यारखान्यात ठेवून बाहेरून मोहोर लावली. आमच्या प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची कागदी चिठ्ठी बांधली. पुढं जहागिऱ्या गेल्या, नवाब गेले, पहारे गेले. हिम्मतराव नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत शिपाई झाला. आम्ही अंधारातच राहिलो.

आठ वर्षं. तेल नाही, फडकं नाही. पावसाळ्यात भिंती पाझरत, चामड्याचं म्यान ओल धरून बसे आणि माझ्या पात्यावर तांबूस फुलं फुटत. चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या. आमची नावं गेली. ज्याचं नाव जातं त्याला कुणी विचारत नाही, हे मी तिथं शिकलो.

छप्पन साल उजाडलं. भाषेप्रमाणं प्रांत पाडायचे ठरलं. मराठी जिल्हे एकीकडं, कानडी दुसरीकडं, आणि हैदराबाद नव्या तेलुगू राज्याची राजधानी. राजधानी म्हटलं की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना जागा हव्यात. देवडीची इमारत सरकारात गेली आणि हत्यारखाना रिकामा करायचं काम मुकुंदराव नावाच्या कारकुनावर आलं. नियमाचा पक्का माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यानं कचेऱ्या-कचेऱ्यांतून निरोप पाठवला. शनिवारी यावं, ज्यांची ओळख पटेल त्यांना हत्यार आणि परवानापत्र मिळेल, उरलेलं सोमवारी भट्टीत वितळायला जाईल.

पण चिठ्ठ्याच नाहीत, तर ओळखायचं कसं? मुकुंदरावानं विचार करून बारकसहून सालेह चाऊशांना बोलावलं. म्हातारे आता फार थकले होते. एका डोळ्यात फूल पडलं होतं. अंगणात चटईवर आम्हाला ओळीनं मांडलं होतं, त्यांच्या शेजारी ते बसले.

"हर एक मेरे हाथ का है," ते म्हणाले. "जिसका हाथ बैठे, उसका."

मुकुंदरावाला हे पटलं. त्यानं वहीत लिहूनही घेतलं: मूठ हातात बसेल तोच मालक. मला मात्र गंजातूनही कापरं भरलं.

माणसं येऊ लागली. कुणाचे केस पांढरे झालेले, कुणाची पोटं सुटलेली. एकेक जण आपला जंबिया उचलायचा, बोटं खोबणीत बसायची आणि डोळे भरून यायचे. उत्तमरावाची औरंगाबादकडं बदली झाली होती, पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हलणार होतं. त्याला त्याचा मिळाला तेव्हा तोही क्षणभर मुका झाला. क्षणभरच.

हिम्मतराव आला. त्याच्या मागं दहा पावलांवर भामा होती. "तू कशाला?" म्हणून त्यानं घरी बरीच कुरकुर केली असणार, पण ती आली होती आणि दाराशी चौकटीला टेकून उभी होती.

त्यानं मला लांबूनच ओळखलं. "हा माझा."

"धरून दाखवा," मुकुंदराव म्हणाला.

हिम्मतरावानं मला उचललं. आठ वर्षांनी तो ऊबदार, मोठा, चुकीचा हात मला लागला आणि मला रडू आलं. करंगळी बाहेरच. त्यानं बोटं आवळून पाहिली, सरकवून पाहिली. सगळं अंगण बघत होतं.

"काय रे हिम्मतराव," उत्तमराव म्हणाला, "जहागिरी गेल्यावर माणसं वाळली. तुझी बोटंच कशी जाड झाली?"

लोक हसले.

"हा तुमचा दिसत नाही," मुकुंदराव म्हणाला. त्याच्या आवाजात आता कोरडेपणा आला होता. "दुसऱ्याची वस्तू आपली म्हणणं बरं नाही, जमादार. भट्टीच्या ढिगात ठेवा."

"साहेब, माझाच आहे. देवाशपथ."

"मग मूठ का बसत नाही?"

सालेह चाऊश पुढं सरकले. त्यांनी मला हातात घेऊन चाचपलं. बोंड, खोबणी, पात्याचा कणा. "काम मेरा है," ते हळू म्हणाले. "यही मियाँ के वास्ते बनाया था, याद है मेरे कू. मगर..." त्यांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गिऱ्हाइकाच्या पंजाकडं पाहिलं. तो फावड्याएवढा पंजा बघून त्यांचा चेहरा पडला. "मेरा मोम चूका क्या?"

 मित्रांनो, त्या क्षणी सुटायचा सरळ रस्ता हिम्मतरावापुढं होता. 'हौ चाचा, तुमचंच मेण चुकलं,' एवढं म्हटलं की संपलं. कारागीर स्वतः साक्षीला होता, मुकुंदरावानं मान डोलावून मला देऊन टाकलं असतं. व्रताची इभ्रत शाबूत, जंबिया घरी. फक्त एका म्हाताऱ्याची चाळीस वर्षं मातीत गेली असती. हिम्मतरावाचे ओठ हललेसुद्धा. मी पाहिलं.

मग त्यानं दाराकडं पाहिलं. भामा मान खाली घालून उभी होती. ती बोलणार नव्हती. चार पुरुषांत नवऱ्याला उघडं पाडण्यापेक्षा मला भट्टीत जाऊ देणं तिनं पत्करलं होतं.

"भामे," हिम्मतराव म्हणाला, "ये इकडं."

"नको वो..."

"ये म्हणतो ना." तो चाऊशांकडं वळला. "चाचा, तुमचं मेण नाही चुकलं. मेण घरात वितळाया लागलं, तर हिनं मुठीत धरून रांजणात बुडवलं. ठसा हिचा उमटला. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही."

भामा आली. हात पदराला पुसला. मला उचललं. चार खोबणी, चार बोटं, वर अंगठा. गंज होता, धूळ होती, तिचा हातही अकरा वर्षांच्या भांड्या-धुण्यानं खरखरीत झाला होता. तरी मी बसलो.

सालेह चाऊशांनी तिच्या मुठीवरून नुसतं बोट फिरवलं. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि ते हसायला लागले. "अरे बेटी, तू थी? मैं सोचा, इत्ता बड़ा आदमी और मुट्ठी इत्ती नाजुक! दिल का नरम होंगा बोल के बना दिया!"

"थांब थांब," उत्तमराव पुढं आला. "म्हणजे ते व्रत? काम करूनच परत जाईल, ते?"

"कसलं व्रत अन् कसलं काय, लेका," हिम्मतराव म्हणाला. "हातात बसतच नव्हता!"

आणि तो हसला. असा हसला की अंगणातली कबुतरं उडाली. उत्तमराव हसला, मुकुंदरावाचा चष्मा घसरून वहीवर पडला, सगळं अंगण हसलं. मी त्या कमरेला तीन वर्षं राहिलो होतो, त्या पोटाची धडधड मला पाठ होती. त्या दिवशी ते पोट पहिल्यांदा मोकळं हललं. वाटलं, आठ वर्षं कोंडून मी होतो हे खरं, पण हा अकरा वर्षं होता.

मुकुंदरावानं चष्मा पुसून वही ओढली. "तर मालकाचं नाव?"

"लिहा," हिम्मतराव म्हणाला, "भामाबाई."

"काम काय करतात?"

 भामाच बोलली, "लिहा, घर राखते."

सरकारी कागदावर तिचं नाव चढलं ते पहिल्यांदा. ती तो परवाना मला गुंडाळलेल्या फडक्यातच ठेवत असे, आणि वाचता येत नसूनही कधी कधी उघडून बघत असे.

पुढं मी सुखात राहिलो. चाऊशचाचांनी माझा गंज काढला आणि हिम्मतरावाच्या हाताची नवी मूठ करून देतो म्हणाले. तो म्हणाला, राहू द्या चाचा, आता मला काही धरून दाखवायचं नाही. दर दसऱ्याला भामाबाई मला तेल लावून पाटावर ठेवी. आता ती दोघंही नाहीत. मधली कितीएक वर्षं मी हैदराबादच्याच कुकटपल्लीत एका फ्लॅटच्या माळ्यावर, जुन्या कुकरच्या आणि फाटक्या छत्र्यांच्या संगतीत काढली. परवा घरातल्यांनी खाली काढलं. मराठी मंडळाचं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे म्हणे. भामाबाईंच्या पणतीनं, नातवाच्या लेकीनं, पुसलं मला. मराठी अक्षरं ती बोट ठेवून, अडखळत वाचते, पण पुसते मन लावून.

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडं थोडं मागणं आहे. तुमच्या घरातही माळ्यावर कुणी माझ्यासारखा असेल. त्याला चामड्यात गुंडाळून पावसाळ्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवा. त्याला विकायचं असेल तर विका, पण आधी विचारा, हा कुणी घडवला आणि कुणाच्या हातासाठी. हाताची वस्तू हाताच्या आठवणीवर जगते. आणि हत्यार असेल तर त्याला खोटी मर्दुमकी चिकटवू नका. माझ्यासमोर ठेवायला कुणी तरी एक पाटी छापून आणली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'शूर सरदाराचा खंजीर. अनेक लढाया गाजवल्या.' ती वाचून माझं पातं शरमेनं काळं पडायची वेळ आली.

ती पाटी काढा. पणतीला सांगा, अडखळली तरी चालेल, तिनं स्वतःच्या हातानं दुसरी लिहावी. दोनच ओळी पुरेत:

भामाबाईंचा जंबिया.
यानं कुणाला काही झालं नाही.